जायफळाचा एक वेढा

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. दवाखान्यातून घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिने मला आत बोलावलं, दार लोटायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, बाळाला एकट्या आजीकडे देऊ नकोस हं. वाईट वाटून घेऊ नको, पण माझं काय झालं होतं ते तुला माहितीच आहे."

माहिती होतं. खरं काय झालं ते मला एकटीलाच माहिती आहे, असं मी तेव्हाही समजत होते. मी "बरं" म्हटलं आणि तिच्यासाठी डिंकाचा लाडू आणायला स्वयंपाकघरात गेले. बाहेर ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. नातीचं बाळ घरात आल्यापासून त्यांनी ते लांबूनच पाहिलं होतं.

मी माणगावकडची, भातशेतीच्या घरातली. लग्न होऊन खाडीकाठच्या या गावात आले. सासूबाईंचं निम्मं आयुष्य मिठागरावर गेलेलं. मिठाच्या राशीकडे नुसतं बघून ती किती पोत्यांत बसेल ते त्या सांगायच्या, आणि फारसं चुकायचं नाही. मिठागर बंद पडलं, जमिनी गेल्या, हे न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला लागले, पण सासूबाईंचा एक मान तसाच राहिला होता. आळीत कुठेही बाळ झालं की त्याच्या आंघोळीला त्यांना बोलावणं यायचं. तेल चोळता चोळता त्या बाळाचं डोकं तळव्याने गोल करायच्या. म्हणायच्या, "आळीतली सगळी टाळकी माझ्या हातची. एकट्या पोलीसपाटलाचं चपटं हाय, त्याच्या आयनं मला बोलावलं नव्हतं." पोलीसपाटील समोर असला तरी म्हणायच्या.

माझी मुलगी माहेरी झाली. तिला तिसरा महिना लागला तेव्हा मी सासरी आले आणि तिची आंघोळ सासूबाईंच्या हातात गेली. सकाळी हे कामावर गेले की त्या मोरीत पाय लांब करून बसायच्या, पोरगी नडग्यांवर पालथी. तेल, मग साय-पीठ, मग कढत पाणी, मग ओव्याची धुरी. शेवटी गुटी. सहाणेवर माझ्या दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि त्यात एकेक वस्तू उगाळायची: वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, बदाम, खारीक. वस्तू सहाणेवरून एकदा गोल फिरवली की तो एक वेढा. बदामाचे कितीही चालायचे. जायफळाचा मात्र एकच, कारण जायफळाने झोप येते. ते उचललं की सासूबाई दर वेळी मोठ्याने म्हणायच्या, "एक. बस." मग ते डब्यात परत.

आंघोळ-गुटी झाली की पोरगी तासभर झोपायची. बाकी दिवस-रात्र ती खांद्यावर. खाली ठेवली की रडे. मी एका हाताने जेवायचे, तेही गार झालेलं. केसांत गुंता होऊन गाठी झाल्या होत्या. एकदा भाताला आधण ठेवलं आणि तांदूळ घालायलाच विसरले, पातेलं जळून काळं झालं. सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पाणीच शिजवता व्हय आज?" त्या थट्टेनेच म्हणाल्या होत्या. मी डी.एड. झालेली, म्हणून हे नाव. पण मी आत जाऊन रडले, आणि त्या दिवसापासून मला त्यांचा राग यायला लागला. त्या पोरीला तासाभराची झोप देऊ शकत होत्या. मला तेवढंही जमत नव्हतं.

गुटी पाजून झाली की त्या मासळी आणायला धक्क्यावर जायच्या, वाटेत दोन घरच्या आंघोळी उरकायच्या. एके दिवशी त्या गेल्यावर पोरगी जागीच राहिली. सहाण अजून ओली होती. मी डबा उघडला आणि जायफळाचे तीन वेढे घेतले.

ती दुपारी दोनपर्यंत झोपली. मी डोक्यावरून न्हायले. गरम भात आणि कोलंबीचं कालवण दोन्ही हात मोकळे असताना खाल्लं. नंतर पोरीशेजारी आडवी झाले आणि मला जी झोप लागली, तशी नंतर कधी लागलेली आठवत नाही. सासूबाई आल्या तेव्हा खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, बसला न माझा हात." मी हसले.

असं आठ-दहा दिवस चाललं. तीनाचे चार झाले, चाराचे सहा. शेवटच्या दिवशी मी मोजलेच नाहीत. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मोजता येत होते, मी मोजले नाहीत.

त्या दिवशी दुपार उलटली तरी पोरगी दुधाला उठली नाही. सासूबाईंनी तिला उचललं तर मान लोंबली. त्यांनी तळव्यांना टिचक्या मारल्या, कानाची पाळी दाबली. पोरगी तोंड उघडायची, आवाज येत नव्हता. आम्ही दोघी मिळेल त्या रिक्षाने तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलो. वाटभर सासूबाई तिच्या तोंडावर फुंकर घालत होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, काय पाजलं? गुटी. उगाळतं कोण? "मी," सासूबाई म्हणाल्या. त्यात जायफळ किती? "एक वेढा."

"एका वेढ्याने असं होत नाही, आजी. खरं सांगा, म्हणजे मला उपचार करता येतील."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी पोरीच्या दुपट्याची गाठ सोडत होते, ती आधीच सुटलेली होती. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "जास्त झालं असंल. हात जड पडला असंल माझा."

पोरगी दोन दिवस सलाईनवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडली आणि मी देवाला हात जोडले. तरीही बोलले नाही. हे यार्डातून तसेच कामाच्या कपड्यांत आले होते. घरी आल्यावर त्यांनी सहाण आणि डबा उचलून माळ्यावर टाकला आणि आईला म्हणाले, "आजपासून पोरीच्या तोंडात तू काय घालायचं न्हाय." सासूबाई "बरं" म्हणाल्या.

त्यांनी तो शब्द इतका पाळला, की माझी मुलगी त्यांच्या हातचा एक घास न खाता मोठी झाली. गणपतीत मोदक वाढताना सगळ्या पोरांना हाताने द्यायच्या, हिचा मोदक मात्र ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडे सरकवायच्या. "तू दे." हिच्यानंतर मुलगा झाला, त्याच्याही बाबतीत तेच. गोष्ट आळीत फुटली होती. आंघोळीची बोलावणी आधी कमी झाली, मग थांबली. तेलाची वाटी त्यांनी एक दिवस घासून भांड्यांत मिसळून टाकली.

आणि मी? मी चांगली सून झाले. गावातल्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली, माझं नाव जवळजवळ नक्की होतं. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, जमंल का तुला?" मला वाटलं, घरच्या कामाबद्दल बोलताहेत. मी नाही जमणार म्हणाले. मुलीच्या आजारपणात, मुलाच्या अभ्यासात, घर वाढवताना, ह्यांनी जे म्हटलं त्याला मी कधी उलट बोलले नाही. तेवढं तोंड आपल्याला नाही, असं मनाशी धरून होते. मला वाटे, मी एकटी हे ओझं वाहते आहे. त्यात थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू.

आता नातू. हल्लीचे डॉक्टर गुटी देऊच नका म्हणतात, आमच्या घरात ती कोणी देतही नाही. प्रश्न गुटीचा नव्हताच. आंघोळ मी घालायचे, मुलगी शेजारी स्टूल टाकून बसायची. मागच्या आठवड्यात पाणी जरा जास्त कढत होतं. बाळ किंचाळलं. ओट्यावरून सासूबाई उठल्या, भिंत धरत मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, हात पुढे केला. मुलीने नुसतं वर पाहिलं. सासूबाईंनी हात मागे घेऊन पदराला पुसला, कोरडाच हात, आणि परत जाऊन बसल्या.

त्या दुपारी हे ओट्याच्या कडेला बसून भिजवलेले वाल सोलत होते. सासूबाई आत पडल्या होत्या. मी समोर बसले, मूठभर वाल घेतले आणि सांगून टाकलं. तेव्हा जायफळ मी उगाळलं होतं. आईंनी नाही.

ह्यांनी हातातला वाल सोलला, साल एका बाजूला टाकलं, दाणा पातेल्यात.

"म्हायती हाय मला."

मला वाटलं, ह्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात आईनं दाखवलं. जायफळ एका बाजूनं पार सपाट झालेलं. म्हणाली, माझ्या एका वेढ्यानं एवढं झिजत न्हाय. पण तिला बोलू नको. पोर अंगावर पितं, धसक्यानं दूध आटंल."

तेव्हा मला कळलं, की माळ्यावरचा डबा मी नंतर गुपचूप उघडून पाहिला तेव्हा त्यात जायफळ का नव्हतं. मी विचारलं, मुलगी प्यायची थांबली तेव्हा का नाही बोललात?

"तवर पोरगा झाला. त्यालाही तूच पाजत होतीस."

"आणि त्यानंतर?"

ह्यांचे हात थांबले. "त्यानंतर काय. आईला सवय झाली. लोकांत आपलं हसं कशाला करायचं?"

मी बराच वेळ वाल सोलत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला जागा नव्हती. ज्या बाईवर मी आळ येऊ दिला तिच्या मुलाने तो तसाच राहू दिला, माहीत असून. मोदकाची ताटली माझ्याकडे सरकताना हेही पंगतीत असायचे. अंगणवाडीचं ते वाक्य मला आता पुन्हा ऐकू आलं आणि या वेळी नीट कळलं. इतकी वर्षं मी मान खाली घालून वागले, ती मान का खाली आहे ते ह्यांना ठाऊक होतं, आणि ती तशी सोयीची होती. फसवणूक म्हणावी, तर पहिली मीच केलेली. तरीही त्या दुपारी मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. माझ्या गुन्ह्यातसुद्धा मला फसवलं गेलं होतं.

संध्याकाळी मी मुलीच्या खोलीत गेले आणि सासूबाईंनाही आत बोलावलं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. मी उभ्यानेच सांगितलं, वेढ्यांसकट. मोजले नव्हते, हेही. बाळ तेव्हा माझ्या हातांत होतं. मुलीने ऐकून घेतलं, उठली, आणि बाळ माझ्याकडून काढून घेतलं. मग सासूबाईंकडे वळली. "आजी, तू का नाही बोललीस गं?"

"तुझ्या दुधासाठी," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "दूध तुटल्यावर वाट बघितली. आता बोलंल, मग बोलंल. वरीसभर बघितली, दोन वरसं बघितली. मग सोडलं."

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय आखडून घेतले. "राहू दे. गुडघे दुखतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी बाळाला घेऊन मोरीत आली. मी पाटावर बसायला निघाले तर म्हणाली, "तू थांब. आजी घालेल." सासूबाई आल्या. पाटाकडे पाहिलं, भिंतीला हात लावून वाकायचा प्रयत्न केला, अर्ध्यात थांबल्या. आम्ही दोघी धरायला गेलो तशी त्यांनी मान हलवली. "न्हाय. ओलं पोर हातातून सटकंल." मग मला म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात, "बोलायचं व्हतं तर तवाच बोलायचं व्हतं गो. तवा पायांत जोर व्हता."

मी पाय लांब करून बसले. सासूबाईंसाठी मुलीने आपलं स्टूल सरकवलं. त्यांनी बादलीत कोपर बुडवलं, थोडा वेळ ठेवलं.

"इसाण घाल," म्हणाल्या. गार पाणी घाल. मी दोन तांबे घातले. पुन्हा कोपर. "आणखी एक. हां, बस."

मुलीने बाळ माझ्या नडग्यांवर ठेवलं. मग सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि आंघोळ संपेपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहिली.