दाबू नको, टेकू दे

ताईंची पर्स काळी होती, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तिच्यात डब्याशेजारी प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी असायची आणि ती कायम फुटलेली असायची. कोराडीच्या बसमधून उतरून त्या आमच्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये आल्या, की पर्स झटकायच्या आणि मग हजेरी लावायच्या.

मी तिथे कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी जात होते. पारशिवनीजवळचं आमचं गाव. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बोलताना मी अडखळते. पहिल्या दिवशी नाव सांगतानाच शब्द अडकला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ताईंनी पाण्याचं घमेलं आणि प्लास्टरची पुडी पुढे सरकवली. "घोळ वं हे. नाव मंग सांग."

वेडेवाकडे प्लास्टिकचे भाग मशीनवर धरायचे, हे त्यांचं काम. लोखंड व्हाइसच्या जबड्यात आवळता येतं. प्लास्टिक आवळलं की दबतं. भोक गोल पडतं आणि सोडल्यावर लांबट होतं. म्हणून ताई भागाच्या पोकळ जागेत प्लास्टर ओतायच्या, म्हणजे त्याला आतून आधार मिळायचा. "दाबू नको वं, टेकू दे," हे दिवसातून कितीदा ऐकलं असेल! लेथवरचा दादा चिडवायचा, "ताई, यंदा गणपती किती बनवले?"

"तुह्या डोक्यात ओततो म्हटलं होतं, पण पोतं पुरत नाही गा."

एकदा भिवापूरचे एक काका कुबडीवर आले. हातात त्यांचा कृत्रिम पाय. गुडघ्याखालचा पाय ज्या प्लास्टिकच्या वाटीत बसतो, तिच्या तळाची भोकं झिजून बोल्ट हलत होते. भोकं मोठी करायची होती. वाटी तडकली असती, तर नवीन मिळेपर्यंत काका घरीच बसले असते. आणि पुतण्याची वरात दुसऱ्याच दिवशी होती.

"बसाले खुर्ची आहे वं बाई," काका म्हणाले, "पण नाचाचं काय?"

मालकांना घाई होती. "आवळा न ताई, दोन मिनिटाचं काम आहे." ताईंनी खरंच वाटी व्हाइसमध्ये धरली, एक आटा दिला. बारीक कर्र झालं. त्यांचा हात तिथेच थांबला. आटा सैल करून त्यांनी वाटी अंगठ्याने सगळीकडून चाचपली. तडा नव्हता.

"काका, चहा घ्या. वेळ लागंन."

प्लास्टर चिकटू नये म्हणून वाटीला आतून प्लास्टिकची पातळ पन्नी लावली. मी प्लास्टर घोळलं, त्यांनी आत ओतलं आणि मधोमध एक रॉड उभा केला. प्लास्टर घट्ट झाल्यावर मशीनने रॉड धरला. वाटीला कुणी आवळलंच नाही. भोकं मोठी होईपर्यंत ताईंचा तळहात वाटीवर होता आणि काकांचा चहा हातातच गार झाला.

रॉड धरून ओढल्यावर आतला गोळा सुटून आला. ताई तो फेकणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. मांडीवर घेतला. अजून कोमट होता.

"हा तं माहा पाय वं," ते म्हणाले. मग हसले. "यालेही वरातीत नेतो."

दोन दिवसांनी वरातीचा व्हिडिओ आला. आम्ही सगळे काकांचा उडता दुपट्टा बघत होतो. ताईंनी बोटांनी चित्र मोठं करून वर दुमडलेल्या पँटखालचा फक्त वाटीचा तळ पाहिला. "पाहा, हालून नाही राहिलं. नागपुरात असं धरणारं दुसरं कोनी असंन तं आणा!"

पुढे ताईंचे मिस्टर कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. क्वार्टर सोडून ते भंडाऱ्याकडे गावी जाणार होते. शेवटच्या दिवशी मी ताईंना सोडायला स्टॉपवर गेले. काहीतरी सांगायचं होतं. "ताई" म्हणाले आणि पुढचं अडकलं. तेवढ्यात बस आली. कंडक्टर ओरडला, "बसता का मॅडम?" ताईंनी मान हलवून बस जाऊ दिली. माझ्याकडे रोखून पाहिलं नाही. वाक्यही पूर्ण करून दिलं नाही. नुसत्या पर्स झटकत उभ्या राहिल्या.

"तुमची आठवण येईल," एवढंच मी म्हणाले. तेवढ्यासाठी त्यांनी कोराडीची एक बस सोडली होती.