बोटभर खाली

सुतारकाकांनी आयुष्यभर दारं, कपाटं आणि पलंग केले. लोकांनी ते वापरले आणि विसरले. नाव झालं ते संसाराला काडीचा उपयोग नसलेल्या वस्तूमुळे. एका जुन्या गोदामात त्यांनी बीएमएक्सवाल्या पोरांसाठी लाकडी रॅम्प बांधला. बीएमएक्स म्हणजे बुटकी सायकल, मुद्दाम काढून टाकलेले ब्रेक, आणि वर बसलेला माणूस हवेत उलटा.

"ब्रेक का काढता रे?" काकांनी सुरुवातीला विचारलं होतं.

"असले की लावावेसे वाटतात, काका."

या पंथात एक रीत आहे. कोणी नवी उडी घेणार असेल, तर रॅम्प बांधणाऱ्याने आधी रॅम्पच्या ओठावर, म्हणजे जिथे लाकूड संपतं आणि हवा सुरू होते त्या काठावर, मूठ मारून "जा" म्हणायचं. त्याशिवाय कोणी जात नाही. एरवी कशालाच न मानणारी पोरं या बाबतीत कर्मठ.

काकांचा थोरला, ज्याला सगळे टोळ म्हणत, त्यालाही काकांनीच "जा" म्हटलं होतं. हवेत दोन कोलांट्या घ्यायच्या होत्या. दीड झाली.

चौकशीत रॅम्प निर्दोष ठरला. हँडलवरचा हात सुटला, असं सगळे म्हणाले. दोष द्यायला माणूस उरला नाही, तेव्हा काकांनी तो लाकडाला दिला. गोदाम बंद होतं त्या दिवसांत ते एकटे गेले, वरचं प्लायवुड उचकटलं, खालच्या फासळ्यांना रंधा मारला आणि ओठ बोटभर खाली घेतला. कुणाला बोलले नाहीत.

पोरं परतली. "काका, रॅम्प मवाळ झाला का हो?"

"लाकूड आहे. बसतं."

तेव्हापासून गोदामात एकट्याने काम करणं त्यांना जड जाऊ लागलं. भरदुपारी पाठीमागे एक चाक रॅम्पवर चढतं. फळ्या ओळीने कुरकुरतात आणि ओठापाशी आवाज थांबतो. खाली काही येत नाही. काका रंधा हातात धरून वाट बघत राहतात. पत्रा तापला की लाकूड बोलतं, हे त्यांनी अनेक घाबरट गिऱ्हाइकांना समजावलं होतं. त्यांना जितपत पटलं, तितपतच आता काकांना पटे.

घरी धाकटी होती. थोरला गेला तरी ती धाकटीच राहिली, आणि यंदा वयाने त्याच्या पुढे गेली. गोदामात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं. पण ती कुठेतरी सायकल चालवते हे आईला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, आणि दोघं ते एकमेकांपासून लपवत होते.

मग एका सकाळी माळ्यावरचा फर्मा गायब दिसला. ज्यावरून रॅम्पच्या प्रत्येक फासळीचा बाक आखला होता, तो.

"मी नेला," धाकटी चहा ओतत म्हणाली. "मैदानापलीकडे स्पंजचा खड्डा आहे ना, तिथे तसाच रॅम्प करून घेतला. दादाचा होता तस्सा. दोन कोलांट्या बसतात आता, बाबा. रविवारी गोदामात घेणार."

"स्पंजात म्हैससुद्धा कोलांटी मारेल."

"तुम्ही मूठ मारायला या म्हणजे झालं."

काकांचा चहा निवला. तिचं अंग जुन्या बाकावर घडलेलं. गोदामातला ओठ तिला सवयीपेक्षा कमी उडवणार, आणि दुसरी कोलांटी अर्धीच राहणार. थोरल्याला उशिरा झालेली दुरुस्ती धाकटीला वेळेवर गाठणार होती. सांगावं, तर ती म्हणणार, पूर्वीसारखा करा. म्हणजे ज्या ओठावरून पोर गेलं, तो स्वतःच्या हाताने परत उभारायचा. मूठच मारली नाही, तर ती दुसरा रॅम्प शोधणार, कुणा अडाण्याने ठोकलेला.

शनिवारी ते तिला गोदामात घेऊन गेले आणि सगळं सांगितलं.

धाकटीने काठाला बोट लावून उंची मापली. "दादाच्या वेळी होता तसा करा."

"त्याच्यामुळेच गेला तो."

"हात सुटून गेला, बाबा. मी बघत होते. तुम्ही डोळे मिटले होते."

ही माहिती काकांना नवी होती.

त्यांनी फासळ्या बदलल्या. धाकटी फर्मा धरून उभी राहिली. मध्येच पलीकडच्या बाजूने चाक वर चढलं. दोघांचे हात थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

रविवारी काकांनी मूठ मारली. "जा" म्हणायला आवाज फुटेना. धाकटी थांबून राहिली. रीत म्हणजे रीत. शेवटी ते म्हणाले, आणि डोळे उघडे ठेवले. एक कोलांटी, दुसरी, आणि दोन्ही चाकं उतारावर.

पोरांनी गोदाम डोक्यावर घेतलं. काका रॅम्पला टेकून खाली बसले. धाकटी हेल्मेट काढून शेजारी येऊन बसली.

"बाबा, ओठ अजून बोटभर वर घेता येईल?"

"कशाला?"

"तीन."

काका नाही म्हणाले. विचारायची ढब हुबेहूब थोरल्याची होती, म्हणून पुन्हा एकदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांचा अंगठा फळीची जाडी चाचपू लागला होता.