भल्या वाढप्यानं उचललेलं ताट

आमच्या पुसेगावच्या पंगतीत तो वाढपी बासुंदीची बादली घेऊन आला की भले भले ताटावर आडवे पडत. मीही पडलो. त्यानं माझ्या बोटांच्या फटीतून नेमकी वाटीत धार सोडली.

"अरे, मला दूध पचत न्हाई!"

"काय व्हतं?"

"पोट गुरगुरतं."

"गुरगुरू द्या दादा, अर्धीच वाटी हाय."

माझ्या पोटाचा आवाज पार सेनगावच्या बसस्टँडपर्यंत गेला, पण मी जगलो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एका मांडवात नव्या जावयानं भाजी नाकारली. तिच्यात दाण्याचा कूट होता. सासरा घास घेऊन हटूनच बसला. "जावईबापू, एकच घास. आमचा मान ठेवा!" लाजून जावयानं तोंड उघडलं.

त्याच वाढप्यानं मधेच विचारलं, "दाणा खाल्ल्यावर काय व्हतं?"

"ओठ सुजतात. मागं श्वासच कोंडला होता."

त्यानं सासऱ्याचा हात धरला आणि जावयाचं ताटच उचललं.

सासरा कडाडला, "काहून रे? जावयाचं ताट उचलून राहिला?"

"मालक, दूध न पचणाऱ्याचं नुसतं पोट भांडतं. यांचं अख्खं अंग दाण्यावर उलटतं. इथं कणभरबी चालत न्हाई. जावई उद्याबी पाहिजे का न्हाई तुमाला?"

सासऱ्यानं घास खाली ठेवला.

मग वाढप्यानं हात धुतले, कोरं ताट आणलं, वेगळ्या पळीनं साधं वरण वाढलं आणि भाताचा असा डोंगर रचला, की पलीकडचा जावई कोणालाच दिसेना.