शंभर टक्के होय म्हाराजा

लवू गावकराला चाळीस वर्षांत कोणी 'नाय' म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? मालवणजवळच्या त्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. नारळ ठेवून लवूने देवापुढे एकेक मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्यामागे 'होय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. नव्या होडीला लवू, बोअरिंगला लवू, कोणाच्या पोराची नोकरी अडली तरी लवूच. आवाज असा खणखणीत की शेजारच्या वाडीतली माणसंसुद्धा हातातलं काम न सोडता 'होय म्हाराजा' म्हणून मोकळी व्हायची.

हा आवाज अनुजाच्या कानावर पडला आणि सगळा घोळ झाला. अनुजा देवगडची, पुण्यात शिकलेली, आरोग्याच्या एका संस्थेसाठी ॲप बनवणारी. म्हाताऱ्या माणसांनी रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी म्हणून तिने एक ॲप केलं होतं. गोळी घेतली तर हसरा चेहरा दाबायचा, नाही घेतली तर रडका. पण मासे साफ करून आलेला ओला अंगठा स्क्रीनला कळेना, आणि रडका चेहरा तर कोणी दाबायलाच तयार होईना. सकाळी सकाळी अशुभ कशाला, म्हणे! शेवटी तिने बटणंच काढून टाकली. फोनने तोंडाने विचारायचं, माणसाने तोंडाने सांगायचं, फक्त विचारणारा आवाज ओळखीचा हवा.

"लवूकाकानू, तुमचो आवाज व्हयो," ती म्हणाली.

पंखा बंद करून लवू फोनसमोर बसला. साधं बोला, असं अनुजाने त्याला दहादा बजावलं. पण साधा आवाज त्या माणसाकडे होता कुठे? त्याने घसा खाकरला, हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान रक्तदाबाची गोळी येळेर घेतल्यान काय, म्हाराजा?"

"होय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून त्याची बायको विमला आपसूक ओरडली. फोनने ते 'होय' बरोब्बर टिपलं. अनुजा खूश!

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठच्या ठोक्याला गावातले साठ फोन एकदम गाऱ्हाणं घालू लागले. अंगणातून, परसातून, न्हाणीतून 'होय म्हाराजा' उठू लागलं. काशीबाईने तर फोन पाटावर मांडला, जास्वंद वाहिली आणि महिनाभर मुंबईच्या लेकाचा एकही फोन उचलला नाही. देवाला कोणी कानाला लावतं काय? संस्थेत आकडा झळकला, शंभर टक्के! असा आकडा कुठल्याच गावाने दिला नव्हता. लवूचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ आणि फोनच्या आकाराचं सन्मानचिन्ह. हार घालून घेताना मान किती वाकवायची याचा सराव लवू आठवडाभर आरशापुढे करत होता. करणारच की! बाप-आजे जन्मभर देवापुढे बोलून गेले, शाल कोणाला मिळाली होती?

सत्काराच्या सकाळी विमला चुलीपाशी कोसळली.

रिक्षात घालून तिला आरोग्य केंद्रात नेलं. नर्स दीपिकाने पट्टा बांधला, हवा भरली आणि तिचा चेहराच उतरला. वरचा आकडा दोनशे वीस. "ॲपात शंभर टक्के आणि प्रेशर ह्या? गोळ्यो दाखवा बघू."

लवूने घरून आणलेला डबा उघडला. चार पाकिटं गोळ्या, एकही फोडलेलं नाही. तो विमलाकडे वळला.

"विमल, रोज सकाळी होय म्हटलंस ना गो?"

"म्हटलंय ना. एक दिस चुकवूक नाय."

"मगे गोळी?"

"ती आणि कित्याक?" विमला बारीक आवाजात म्हणाली. "तुमी गाऱ्हाणा घातलास, मी होय म्हटलंय. फुडचा देव बघीत. आजपर्यंत तसाच चलला ना?"

बाकावर बसलेल्या पाचही पेशंटांनी माना डोलावल्या. त्यांचंही तसंच चाललं होतं.

"आता गोळी चुकली तर ह्येंका वाचवूचा आमच्या हातात नाय," दीपिकाने लवूला स्पष्ट सांगितलं. लवू घाबरला. तेवढ्यात शाल आणि सन्मानचिन्ह घेऊन अनुजा दारात आली. त्याने ती शाल विमलाच्या पायांवर पांघरली.

"बाये, माझो आवाज काढून टाक," तो म्हणाला. "माका कोण नाय म्हणत नाय."

"आवाज ऱ्हवांदे, काका. साधा विचारा फक्त."

प्रेशर उतरल्यावर दुपारी विमलाला घरी आणलं आणि पुन्हा रेकॉर्डिंग झालं. अकरा वेळा लवू बोलला आणि अकराही वेळा 'म्हाराजा'वर जाऊन आदळला. बाराव्या वेळी त्याची नजर खाटेवर निजलेल्या विमलाकडे गेली. घसा खाकरायचं राहूनच गेलं.

"विमल, गोळी घेतलंस गो?"

अनुजाने बटण दाबलं. "ह्याच जाऊंदे," ती म्हणाली.

तेव्हापासून सकाळी आठला साठ फोन साठ माणसांना विमल म्हणून हाक मारतात. मिशीवाल्या शिवा खलाशालाही. पहिल्या दिवशी तो संतापला, दुसऱ्या दिवशी ओशाळून म्हणाला, "नाय रे, आता घेतंय." गावाचा आकडा धाडकन एकतीस टक्क्यांवर आला. संस्थेने सन्मानचिन्ह परत मागवलं.

त्या पहिल्या सकाळी लवू मात्र श्वास रोखून आपल्या फोनशेजारी उभा होता. आठ वाजले. फोनने विचारलं.

"नाय!" विमला वैतागून ओरडली. "चाय तरी पिऊक देशात काय नाय?"

लवूचे डोळे भरून आले. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन तो स्वयंपाकघराकडे धावत सुटला.