पृथ्वीवर नसलेल्या गावचा चंद्र

बाबांची नक्कल सोपी आहे. चष्मा कपाळावर सरकवायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "तेच दिलं की तेच मिळतं. कालही, आजही, उद्याही!" बोलणं हास्केल नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल, पण सूर थेट मंत्रपुष्पांजलीचा.

दिवसा प्रबोध, म्हणजे बाबा, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात. संध्याकाळी सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, 'तिथी' सांभाळतात. 'तिथी' ही त्यांनी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांना वापरता येणारा तयार प्रोग्रॅम. जागा आणि तारीख द्या, तिथी आणि चंद्रोदय घ्या. फुकट. जगात कोणीही आपल्या अॅपमध्ये घालावी.

या लोकांचा एक नियम आहे. आपल्या बदलामुळे वापरणाऱ्यांचं काही मोडणार असेल, तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायचा. म्हणजे लोक सावध होतात. बाबांचा पहिला आकडा वर्षानुवर्षं एकच. "आजवर कोणाचं काही मोडलं नाही," हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर मिळायचं. आई म्हणायची, "बिस्किटं पण दे रे."

मग त्यांनी एक बदल केला. आधी अक्षांश, मग रेखांश असा क्रम होता, तो उलटा केला. का? "जास्त शोभतं." दोन्ही नुसते आकडेच, त्यामुळे प्रोग्रॅम तपासून घेणाऱ्या ज्या कंपायलरची शिस्त ते कडक हेडमास्तरांसारखी वाखाणतात, तो हूं की चूं करेना. आता पहिला आकडा वाढवायला हवा होता. पण मग चहाबरोबरच्या वाक्याचं काय? त्यांनी शेवटचा आकडा वाढवला. किरकोळ दुरुस्ती, म्हणजे लोक न तपासताच घेतात.

रविवारी आम्ही सेम्बावांगला सुलेखाकाकूंकडे निघालो होतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाबांच्या फोनवर कोणा अनोळखी माणसाची तक्रार आली: तुम्ही न सांगता क्रम उलटवलात, आमचे सगळे चंद्रोदय चुकले. बाबांचे कान लाल झाले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. एसी चालू आहे ना?"

एसी इतका चालू होता की समोरच्या आजी शाल गुंडाळून बसल्या होत्या.

काकूंचं दार उघडलं ते आवाजासकटच; आमच्या आधी आलेल्या अनघामावशीला त्या सांगत होत्या. "अगं अनघा, संकष्टीला मी चिकन राइस खाल्ला गं! तोही हॉकर सेंटरमध्ये, चारचौघांत! वर चिली सॉस मागून घेतला! आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर उपाशी. देवळात जाते तर पुजारी म्हणाले, पूजा कालच झाली."

अनघामावशी अकाउंटंट आहे. इथल्या मराठी मंडळाचं उपासाचं कॅलेंडर फोनवर तिनेच करून दिलं, आणि ते 'तिथी'वर चालतं. "सॉरी काकू," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असणार. प्रबोधदादांची लायब्ररी तर चुकत नाही."

बाबांनी तोंडात घातलेली अळूवडी चावायची थांबवली.

तिथेच बसलेले मंडळाचे दीनानाथकाका प्रत्येक वाक्य ठराव मांडल्यासारखं बोलतात. "माझं असं मत आहे, की अनघाताईंनी आता हे काम थांबवावं. हिशेब वेगळा, धर्म वेगळा."

"हो," मावशी म्हणाली. "मी आजच बंद करते." तिने फोन काढला. तिचं नाक लाल झालं होतं.

बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदाच त्यांची नक्कल करावीशी वाटेना. शेवटी त्यांनी अळूवडी गिळली. "थांब अनघा. त्याचं काय आहे काकू, अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासूनचं..."

"प्रबोध," काकू म्हणाल्या, "भूगोल नंतर. चूक कोणाची?"

"माझी."

बाबांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी आकड्यांचा क्रम बदलला. कोणाला सांगितलं नाही. सांगायला लागलं असतं तर... माझं एक वाक्य बंद पडलं असतं." चष्मा कपाळावर न्यायला हात उठला आणि तसाच खाली आला. "अनघाचं काहीही चुकलं नाही. तिने सिंगापूरच दिलं होतं. मी ते उत्तर ध्रुवाच्याही पलीकडे नेलं. तशी जागा पृथ्वीवर नाहीच."

"म्हणजे," काकू सावकाश म्हणाल्या, "जी जागाच नाही, तिथल्या चंद्रासाठी मी उपाशी राहिले?"

"हो, काकू."

कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं.

तिथेच, काकूंच्या डायनिंग टेबलावर, अनघामावशीचा लॅपटॉप घेऊन त्यांनी जुना क्रम परत आणला. अक्षांश आणि रेखांश असे वेगळे प्रकारच केले, म्हणजे पुन्हा कोणी अदलाबदल केली तर हेडमास्तर ओरडतील. मग पहिला आकडा दोन केला. बदलांच्या नोंदीत वर लिहिलं: 'मागच्या आवृत्तीने तुमची गणितं मोडली. मला माहीत असायला हवं होतं, आणि होतं.' मावशीने ते वाचलं, पण "असू दे दादा" म्हणाली नाही. फक्त लॅपटॉपचा चार्जर त्यांच्याकडे सरकवला.

आता दर संकष्टीला काकूंचा फोन येतो. "अनघाच्या कॅलेंडरने वेळ सांगितली आहे. तरी तू डोळ्यांनी बघून कळव." आमच्या खिडकीतून समोरचा ब्लॉकच दिसतो. म्हणून बाबा बहुमजली कारपार्कच्या गच्चीवर जातात, ढग हटेपर्यंत मान वर करून उभे राहतात आणि फोन लावतात.

"काकू, दिसला."

"नक्की? पृथ्वीवरूनच ना?"

"हो काकू," बाबा म्हणतात, आणि कान पुन्हा लाल.