कुंदाताईंची बरणी

कुंदाताईंच्या आशिषचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या पुस्तकाची पाठ खळीनं चिकटवत होतो. "काका, आई गेली. चहा घेता घेताच..." एवढंच तो बोलू शकला. हाताला लागलेली खळ वाळून कडक झाल्याचं मला बऱ्याच वेळानं कळलं. आज पाच आठवडे झाले. कुंदाताईंविषयी लिहायला बसलो की त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतली काचेची बरणी आधी समोर येते. तिच्याबद्दलची एक गोष्ट मी त्यांच्यापासून बारा वर्षं लपवली होती.

आमच्या या हिंदीभाषक शहरात घमापूर भागातल्या एका शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी कॉलेजात ग्रंथपाल. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "जीवसृष्टी कशी सुरू झाली, यावर काही आहे?" मी म्हटलं, विज्ञानात शोधू की तत्त्वज्ञानात? "ज्या कपाटावर धूळ जास्त, तिथं पाहा न, भाऊ." तेव्हापासून दर रविवारी मी दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या घरून स्कूटर काढायचो आणि त्यांच्या ओट्याशी बसून आम्ही कोमट डबकी, समुद्रतळाचे गरम झरे, आकाशातून पडणारे दगड यांवर बोलायचो. पहिला जीव उल्केवर बसून आला असेल, ही कल्पना मला फार आवडायची. त्यांना नाही. "त्यानं प्रश्न सुटत नाही, भाऊ, फक्त पत्ता बदलतो." त्यांचे सासरे विदर्भातून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले; कुणी विचारलं, "आप मूल कहाँ की हैं?" तर त्या म्हणायच्या, "घमापुर की. उसके पहले का पूछोगे तो चार अरब साल पीछे चलो."

बरणीचं निमित्त वर्गातल्या एका मुलीचं. तिनं विचारलं होतं, मॅडम, प्रत्येक जीव आईपासून होतो, तर पहिल्याची आई कोण? ताईंनी सरळ "माहीत नाही" म्हणून सांगितलं. मग घरी येऊन नर्मदेकाठची माती, चिमूटभर राख आणि काही क्षार पाण्यात कालवले, कुकरमध्ये पुन्हा पुन्हा उकळले, बरणीत भरले आणि झाकण आवळून वर मेण ओतलं. "यातून काही निघेल?" मी विचारलं. "नाही निघणार. तेच दाखवायचं आहे. निसर्गाला अख्खे समुद्र लागले अन् कोट्यवधी वर्षं. मुलींना ते कळायचं तर वर्ष संपेपर्यंत हे पाणी असंच राहायला पाहिजे." पाणी तसंच राहिलं... आठ महिने.

त्यांच्या सासूबाईंना, आजींना, सुनेची पुस्तकं मुळीच खपत नसत. दोघींचं बोलणं भाजी आणि गॅसपुरतं. एका दुपारी मी पुस्तक द्यायला गेलो तर ताई शाळेत होत्या. आजी लोणच्याच्या बरण्यांना उन्हं दाखवायच्या तयारीत होत्या. फडक्यात धरलेली एक बरणी त्यांनी माझ्यापुढे केली. "जोर लावा न जरा, भाऊ. काहून एवढं आवळून ठेवते ही? हवा नाही लागली तर बुरशी नाही का येणार?" हातातलं पुस्तक ओट्यावर ठेवून मी जोर लावला. मेणाचा कट्‌ आवाज झाला. आजींनी फडकं काढून बरणीच्या तोंडाला बांधलं, तेव्हा आतली माती दिसली. बरणी कुठली ते मी ओळखलं. निघून आलो.

पंधरा-वीस दिवसांनी ताईंचा फोन आला. "भाऊ, बरणीत हिरवं दिसून राहिलं!" इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. झाकण परत बसलं होतं, मेणही कुणी दाबून सारखं केलं होतं. मी म्हटलं, "वा." त्यानंतर बारा वर्षं मी त्या खिडकीकडे पाठ करून बसत आलो.

गेल्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "अहो, ते झाकण मी पक्कडीनं आवळलं होतं. सासूबाईंच्या मनगटात कुठली ताकद? अन् ओट्यावर तुमचं पुस्तक! मला कळलंच होतं."

"मग तो आनंद?"

"त्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, कुंदा, ये पाह्य, तुझ्या बरणीत जीव आला. एकवीस वर्षांत त्या माझ्या विषयावर पहिल्यांदा बोलल्या, भाऊ. पुढं तर रोज सकाळी चष्मा लावून बसायच्या तिथं. विचारायच्या, खाते काय हे? झोपते काय?" मग म्हणाल्या, "वर्गात मी खरं तेच सांगितलं. झाकण उघडलं, जीव बाहेरून आला, प्रयोग फसला, पहिल्याची आई अजून सापडली नाही. कोणी उघडलं ते तेवढं नाही सांगितलं."

मागच्या रविवारी सवयीनं गेलो. त्यांची सून प्रीती, हिंदी घरातली, बरणी हातात घेऊन उभी होती. "अंकल, इसका पानी सूख रहा है. टाकू का थोडं? मम्मीजी किती टाकायच्या?" मला माहीत नव्हतं. त्या खिडकीकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग दोघांनी बरणी उजेडात धरली. काचेवर आतून क्षारांची एक पांढरी रेघ होती, बारा वर्षं एकाच जागी पाणी भरत राहिल्यानं उमटलेली. प्रीतीनं हळूहळू, रेघेवर डोळा ठेवून, बरोबर तिथपर्यंत पाणी भरलं.