तारखेने लावलेली चिकटवही

विद्यापीठाच्या अभिलेखागारात तिला सगळे खळताई म्हणत. अठ्ठावीस वर्षं खळ शिजवून आणि फाटकी पानं जोडून तिची बोटंही कागदासारखी कोरडी झाली होती. निवृत्तीला तीन महिने उरले होते. गुडघे मात्र कधीच निवृत्त झाले होते.

त्या सकाळी कारकून वर्दी घेऊन आला. "ताई, त्या शिक्षिकाबाईंची मुलगी अकराला येतेय. आईने इथे दिलेली चिकटवही बघायचीय म्हणे."

खळताईने हातातला ब्रश खाली ठेवला. वही होतीच कुठे? नोकरीच्या पहिल्या वर्षी, नव्याच्या हुरूपात, तिनेच ती सोडवली होती. संपाच्या बातमीशेजारी नाटकाचं तिकीट, त्याखाली पोरीने काढलेलं मांजर. तिला वाटलं, बाईंनी नुसता पसारा मांडलाय. एकेक कात्रण वाफेवर सोडवून तिने तारखेनुसार तेरा पाकिटांत भरलं. तारीख नसलेलं सगळं चौदाव्यात. रिकामी पानं रद्दीत गेली, कडेला बाईंनी पेन्सिलीने लिहिलेल्या ओळींसकट. तेव्हाच्या साहेबांनी पाठ थोपटली होती. कशाशेजारी काय चिकटवलं, यातच बाईंनी आपलं आयुष्य सांगितलं होतं, हे कळायला तिला दहा वर्षं लागली.

नोंदपत्रकातला 'मूळ क्रम कोणी बदलला' हा रकाना अजून कोराच होता.

"जुन्या साहेबांचं नाव टाका की," कारकून म्हणाला. "ते काय वरून भांडायला येणारेत?"

"मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडू?"

"मग घ्या फोडून स्वतःच्या! तीन महिने राहिलेत, सुखानं जा ना."

खळताईला वाद घालायचाही कंटाळा आला होता आणि खोटं बोलायचाही. खोटं एकदा बोललं की सांभाळत बसावं लागतं. सांभाळायला तिच्याकडे आधीच तीन खोल्या कागद होते. तिने रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

मुलगी सत्तरीची होती. चष्मा पुसून, हात धुऊन, टेबलाशी शाळकरी पोरीसारखी ताठ बसली होती.

"बाई, वही नाही राहिली," खळताई उभ्याउभ्याच म्हणाली. "मीच सुटी केली. कात्रणं आहेत. आईंनी लिहिलेलं गेलं."

"सगळं?"

"सगळं."

"विचारलं होतं का कुणाला?"

"नाही."

म्हातारीने चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. काही तोडून बोलली असती तर खळताईला बरं वाटलं असतं.

"तारखेनं लावलंय म्हणता," ती शेवटी म्हणाली. "मग माझं मांजर कुठल्या तारखेला आहे?"

"ते... तारीख नसलेल्यांत."

"तेच आणा आधी."

चौदावं पाकीट सगळ्यात वरच्या फळीवर होतं. खळताईने शिडी ओढली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि चढू लागली.